हनुवटी थोडी खाली

"यंदा साहेब फोटोत हसणार," असं फोटोवाल्याने घरात जाहीर केलं. बायको कपडे वाळत घालत होती. तिने तोंडातला चिमटा काढून दोरीला लावला आणि दुसरा तोंडात धरला. सासूबाईंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. खुद्द साहेब टेबलाखाली बसून बापाच्या बुटाच्या नाड्या ओवत होती. तिने तर मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत.

"पोरांना हसवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ आहे," तो म्हणाला. त्यावर सासूबाईंनी आणखी एक पान उलटलं.

साहेब म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. येत्या शुक्रवारी ती पाच वर्षांची व्हायची होती. जन्मल्यावर एकदा रीतसर रडून झालं, नर्सने तिला उचलून घेतलं, तेव्हा तिने नर्सकडे असं रोखून पाहिलं की जणू कागदपत्रं पूर्ण आहेत का तेच तपासतेय. "हे कोण साहेब आले?" असं नर्स म्हणाली आणि नाव चिकटलं. पुढे चारचौघांसारखं नावही ठेवलं गेलं, पण बालवाडीच्या बाईंखेरीज ते कोणी वापरत नसे. त्या नावाने कोणी हाक मारली तर साहेब मागे वळून बघायची, दुसरं कोण आलंय म्हणून.

आता फोटोवाल्याच्या धंद्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच होतं. त्याचा स्टुडिओ ओळखपत्रं आणि परवाने देणाऱ्या कचेरीच्या बरोब्बर समोर होता. त्यामुळे त्याच्याकडे हौसेने फोटो काढायला कोणी येत नसे, सगळे गरजेपोटी येत. पांढरा पडदा, त्याच्यापुढे एक गोल स्टूल, आणि समोर स्टँडवर कॅमेरा. माणूस बसला की तो सुरू व्हायचा: हनुवटी थोडी खाली, दोन्ही कान दिसू द्या, दात नको, हसू नका, हलू नका. बापजन्मात ज्याचा चेहरा गंभीर झाला नाही असा माणूसही त्या स्टुलावर दोन मिनिटांत कर्ज थकल्यासारखा दिसू लागायचा. त्याने काढलेला एकही फोटो समोरच्या खिडकीतून परत आलेला नव्हता, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता.

त्याची बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. म्हणजे तीही लोकांना "हलू नका" सांगण्याचाच पगार घेत होती. त्यांची ओळखही तशीच झाली. तो खोकला धरून छातीचा फोटो काढायला गेला, तिने "श्वास रोखा" म्हटलं, आणि इतक्या अधिकाराने हलू नका म्हणणारी बाई त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. "सोडा" म्हणायला ती जरा विसरली होती, पण तो तक्रार करणार नव्हता. अशा जोडप्याच्या पोटी जे मूल येणार ते काय खिदळत येणार होतं?

तर हॉलच्या भिंतीवर साहेबाचे वाढदिवसाचे चार फोटो ओळीने लावले होते. पांढरी पार्श्वभूमी, खांदे एका रेषेत, दोन्ही कान स्पष्ट. दुसऱ्या वाढदिवसाच्या फोटोत पुढ्यात केक होता, पण तिच्या चेहऱ्यामुळे तो छाप्यात जप्त केलेला माल वाटत होता. सासूबाई येताजाता त्या फोटोंकडे बघून सुस्कारा सोडायच्या आणि पोर जामिनावर सुटल्यासारखी दिसते म्हणायच्या.

बरं, पोरगी हसतच नव्हती असं नाही. नळातून पाणी यायच्या आधी फुर्रकन हवा आली की ती हसायची. शेजारच्या वकिलांना शिंक आली की हसायची. आणि हसायची म्हणजे साधंसुधं नाही, पाय गळून जमिनीवर बसायची आणि मग आडवी व्हायची. ते हसू तिच्या आईने पाहिलं होतं, आजीने पाहिलं होतं, इमारतीच्या रखवालदारानेसुद्धा पाहिलं होतं. बापाला मात्र ते फक्त दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचं. तो कॅमेरा घेऊन धावत यायचा, तोवर साहेब उठून, खांदे सरळ करून, हनुवटी थोडी खाली घेऊन उभी असायची. हे त्याला मनापासून लागायचं. तो कोणाला सांगायचा नाही, उजेड बरोबर नव्हता म्हणायचा आणि कॅमेरा ठेवून द्यायचा.

अशात सासूबाईंनी वाढदिवसाची भेट म्हणून आठवडाभर आधीच एक फ्रेम आणली. चांगली जाड, सोनेरी, दारातून आत येणाऱ्याची नजर पहिली पडेल अशा खिळ्याला त्यांनी ती स्वतः टांगली. रिकामीच. मग दोन पावलं मागे जाऊन, ती तिरकी नाही ना ते बघून त्या म्हणाल्या, "यात हसरा फोटो लागला पाहिजे, जावईबापू. तुम्हाला नाही जमलं तर मी माझा लावीन. माझा आहे हसरा."

होताच. नवी कवळी बसवली त्या दिवशी सासूबाईंनी हौसेने काढून घेतला होता, आणि त्यात कवळीचा एकही दात लपलेला नव्हता. रोज सकाळी चहा पिताना समोर तो फोटो, आणि तोही उरलेलं आयुष्यभर, हे चित्र फोटोवाल्याच्या डोळ्यापुढे उभं राहिलं. म्हणून ती वर सांगितलेली घोषणा.

खरं तर गेल्या काही महिन्यांत साहेबाला नवीनच शिंग फुटलं होतं. बालवाडी सुटल्यावर ती दुपारभर स्टुडिओत असायची. आधी कोपऱ्यात बसून चित्रं काढायची, मग उभी राहून बघायला लागली, आणि एके दिवशी स्टुलावर बसलेल्या एका भारदस्त बाईंना म्हणाली, "डावा कान दिसत नाही." बाईंनी निमूटपणे केस कानामागे घेतले. त्या दिवसापासून तिला उमगलं की या जगात मोठी माणसं ऐकतात, फक्त त्यांना स्टुलावर बसवावं लागतं. मग ती रोज बापाच्या शेजारी हात मागे बांधून उभी राहायची आणि निघालेला फोटो बघून निकाल द्यायची. तिच्याकडे दोनच शब्द होते. एक "चालेल" आणि दुसरा "परत". आणि वाईट म्हणजे, तिचं बरोबर असायचं. बाप हे गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. घराचे वासे फिरताहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही.

हसवण्याची तयारी त्याने मंगळवारपासून सुरू केली. आधी न्हाणीघरातल्या आरशासमोर वेडीवाकडी तोंडं करून बघितली. बायको टॉवेल घ्यायला आत आली, क्षणभर थांबली, आणि पोटात दुखतंय का असं विचारून गेली. मग त्याने एक रबरी बदक आणलं. दाबलं की ते असं काही ओरडायचं की वकील शेजारून भिंत ठोकायचे. ते त्याने साहेबाच्या कानाशी अचानक वाजवलं. तिने बदक हातात घेतलं, उलटं केलं, पोटाखालचं भोक बघितलं आणि "इथून हवा जाते" असं त्याला समजावून परत दिलं. बुधवारी त्याने कॅमेरा स्टँडसकट हॉलच्या पडद्याआड लपवला आणि दूर बसून बटण दाबायची सोय केली. साहेब खेळता खेळता पडद्यासमोर आली, खाली वाकून बघितलं आणि सरळ उभी राहिली. खांदे एका रेषेत.

"बाबा, पडद्याला तीन पाय आहेत," ती म्हणाली. "काढ लवकर, मला खेळायचंय."

तेव्हा त्याने शेवटचा हुकमी डाव टाकला. वाढदिवस घरी नको, स्टुडिओत करू. तिथे दिवे आहेत, जागा आहे, पोरं येतील, धांगडधिंगा होईल, आणि त्या गर्दीत ती बेसावध असताना आपण फोटो काढू. बायको म्हणाली की जिथे तू रोज माणसांचं हसू काढून घेतोस तिथेच का? त्याला हा मुद्दा पटला नाही. आपल्या घरच्या मैदानावर कोण हरतं, असं तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी स्टुडिओत फुगे लागले. पांढऱ्या पडद्याच्या बाजूला टेबल, टेबलावर केक, केकवर पाच मेणबत्त्या. बायको अर्धी रजा टाकून आली आणि सरबताचे पेले भरू लागली. सासूबाई नवी साडी नेसून आल्या आणि पर्समध्ये तो कवळीचा फोटो घेऊन आल्या, वेळेला असावा म्हणून. बालवाडीतली सहा-सात मुलं आली आणि दारातच थबकली. दिवे, दिव्यांवर लावलेल्या पांढऱ्या छत्र्या, मधोमध एकुलतं एक गोल स्टूल. बहुतेकांना वाटलं आपल्याला फसवून सुई टोचायला आणलंय. एकाने तर दंडही पुढे केला.

फोटोवाल्याने बदक खिशातून काढून डोक्यावर ठेवलं आणि स्वतःभोवती गिरकी घेतली. मुलं आणखी दाराकडे सरकली. अशा वेळी कोणीतरी सूत्रं हातात घ्यावी लागतात, आणि ती साहेबाने घेतली.

"एकेक या," ती म्हणाली. "ओळीत. धक्काबुक्की नाही."

मुलं ओळीत उभी राहिली. घाबरलेल्या माणसाला ओळीत उभं केलं की त्याला बरं वाटतं, हे कचेरीसमोर वाढलेल्या पोरीला कोणी शिकवायला नको होतं. मग ती आतल्या खोलीतून एक जुना प्लास्टिकचा ट्रे घेऊन आली आणि बालवाडीच्या सुट्टीत आईच्या दवाखान्यात बसून ऐकलेली सगळी वाक्यं तिने एका दमात सुरू केली. अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. क्लिपा, साखळ्या, किल्ल्या, घड्याळ, फोन, सगळं यात. मुलांनी खिशातल्या गोट्यासुद्धा टाकल्या. बायकोने हसत हसत आपला फोन आणि बांगडी टाकली. वाढदिवसाच्या मुलीचं मन मोडू नये म्हणून फोटोवाल्याने आपला फोन आणि किल्ल्यांचा जुडगा टाकला. मग ट्रे सासूबाईंपुढे आला.

साहेब कामावर असताना सगळ्यांना अहोजाहो करायची, त्यात आजीलाही सूट नव्हती. "अंगठ्या काढा," ती म्हणाली. सासूबाईंनी काढल्या. "फोन." दिला. साहेबाने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि आई विचारते त्याच आवाजात विचारलं, "तुम्हाला दिवस गेलेत का?"

सरबत ओतणाऱ्या बायकोचा पेला भरून वाहू लागला.

"नाही गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "अलीकडे नाही."

"बरं," साहेब म्हणाली. ट्रे तिने आतल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि दार ढकललं. त्या कपाटाचं कुलूप दार लावलं की आपोआप बसायचं. त्याची किल्ली जुडग्यात होती आणि जुडगा ट्रेमध्ये. हे त्या क्षणी कोणालाच सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर पुढची गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

मग रांगेने फोटो सुरू झाले. साहेब एका खोक्यावर चढून कॅमेऱ्यामागे उभी राहिली. हनुवटी थोडी खाली. दात नको. हलू नका. मुलं एकामागून एक स्टुलावर चढून चेहरा पाडत होती आणि "चालेल" ऐकून उतरत होती. त्यांच्यामागून आई आणि आजीही बसून उतरल्या. ती पार्टी आहे हे हळूहळू सगळेच विसरले. फोटोवाला तिच्या मागेपुढे उड्या मारत होता, बदक वाजवत होता, कानाला हात लावून जीभ काढत होता. तिने एकदाच मागे वळून, "बाबा, तू मध्ये येतोयस," एवढं सांगितलं.

शेवटी सगळ्या मुलांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. मुलं पडद्यापुढे दाटीवाटीने उभी राहिली. फोटोवाल्याला वाटलं, हीच वेळ. केक पुढे आणला, मेणबत्त्या पेटवल्या की साहेब खोक्यावरून उतरेल, फुंकर मारेल, हसेल. त्याने टेबल ओढून मुलांच्या पुढ्यात आणलं आणि काडी ओढली. पाचही मेणबत्त्या पेटल्या. तेवढ्यात साहेबाने मुलांना "श्वास रोखा" सांगितलं आणि दिव्याची छत्री तिरकी आहे असं दिसल्यामुळे ती सरळ करायला खोक्यावरून उतरून गेली.

छत्रीचा स्क्रू जरा घट्ट होता. मुलं प्रामाणिक होती. आधी ती गुलाबी झाली, मग लाल. एकाचे डोळे बाहेर यायला लागले. सगळ्यात बारक्या मुलीने शेजारच्याचा हात घट्ट धरला, पण श्वास सोडला नाही. एक्स-रेवाल्या बाईंचं लक्ष तिकडे गेलं आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून खणखणीत निघालं:

"सोडा!"

सगळ्यांनी एकदम सोडला. पाचही मेणबत्त्या विझल्या, वरचं क्रीम उडालं, आणि त्यातलं बरंचसं काडी हातात धरून वाकलेल्या फोटोवाल्याच्या चष्म्यावर आणि हनुवटीवर जाऊन बसलं. साहेब छत्री सोडून मागे वळली. वाढदिवस तिचा, आणि फुंकर सगळ्या गावाने मारली होती. आता ही भोकाड पसरणार म्हणून बायको पेले ठेवून धावली. साहेबाने केककडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"परत," ती म्हणाली.

याच सुमारास दार उघडून एक टक्कल पडलेले गृहस्थ घाईघाईने आत आले. समोरची कचेरी बंद व्हायला आली होती आणि त्यांना आजच्या आज फोटो हवा होता. आत फुगे, चेहऱ्याला क्रीम फासलेला एक माणूस आणि रांगेत गंभीर उभी असलेली मुलं बघून त्यांनी बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचली आणि परत आले. फोटोवाला चष्मा पुसायला काही सापडतंय का ते चाचपत होता. साहेबाने गृहस्थांना स्टुलावर बसवलं. त्यांनी फोन आणि किल्ल्या खिशातच ठेवल्या, कारण ट्रे कपाटात होता. साहेबाने कपाटाचं दार ओढून पाहिलं, ते उघडेना. तिने त्याची दखल घेतली, पण तूर्तास चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"हनुवटी थोडी खाली," ती म्हणाली. गृहस्थांनी हनुवटी खाली केली तसं टक्कल चमकलं. "थोडी वर. बस. कपाळ पुसा." एका फटक्यात काम झालं. बायकोने फोटो छापून दिला. गृहस्थांनी तो उजेडात धरून पाहिला, आयुष्यात पहिल्यांदाच आपण बरे दिसतोय असं म्हणाले, केकचा तुकडा तोंडात टाकला आणि समोर पळाले.

आता स्टूल रिकामं होतं. साहेबाने सगळीकडे नजर फिरवली. मुलांचे झाले होते, आईचा झाला होता, आजीचा कवळीसकट झाला होता. तिचं बोट बापाकडे वळलं.

"आता तू."

"माझा कशाला?" फोटोवाला म्हणाला. "मी काढतो ना सगळ्यांचे."

"सगळ्यांचा झाला. तुझाच राहिला."

त्यात चूक काही नव्हती. घरातल्या कुठल्याच फोटोत तो नव्हता. लग्नाच्या अल्बमातसुद्धा तो एकदाच दिसत होता, तोही दिवा नीट करताना, पाठमोरा. बायको हळूच म्हणाली, "बस की रे." आणि तो बसला. इतकी वर्षं हजारो माणसांना बसवलेल्या त्या स्टुलावर तो आयुष्यात पहिल्यांदा बसला, आणि बसताक्षणी मागच्या खिशातलं बदक ओरडलं.

"आवाज नको," साहेब म्हणाली.

तो सावरून बसला. बदक पुन्हा ओरडलं. रांगेतल्या मुलांत खसखस पिकली. त्याने श्वास रोखून धरला आणि समोर पाहिलं.

समोर कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्याच्या वर एक चेहरा. एक डोळा गच्च मिटलेला, दुसरा बारीक केलेला, कपाळाला आठ्या, ओठ एका बाजूला ओढलेले. असा भयंकर चेहरा त्याने कुठेतरी पाहिला होता. कुठे ते कळायला त्याला जरा वेळ लागला. तो त्याचाच होता. फोटो काढताना तो असा दिसत असणार. चार वर्षं ही पोर दर वाढदिवसाला या स्टुलावर बसून समोर हे बघत होती, आणि तो पलीकडून तिला हास म्हणत होता. तिने एकदाही भोकाड पसरलं नव्हतं, हेच नवल होतं.

"हसायचं नाही," तो चेहरा म्हणाला.

झालं. तेवढं ऐकलं आणि फोटोवाल्याला आवरेना. पोटातून एक उमाळा आला, तो त्याने दाबला, त्यासरशी खालचं बदक दाबलं गेलं आणि ओरडलं. त्याने हलायचं नाही म्हणून स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या, ते आणखी ओरडलं. मग तो हसतच सुटला. चष्मा नाकावरून घसरला, हनुवटीवरचं क्रीम शर्टावर सांडलं, आणि प्रत्येक गडगडाटाला खालून बदक साथ देत होतं.

कॅमेऱ्यावरच्या चेहऱ्याचा मिटलेला डोळा आधी उघडला. मग आठ्या गेल्या. मग साहेब हसली. ते नळाचं, वकिलांच्या शिंकेचं हसू, जे तो इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होता. मान मागे टाकून, पुढचा हलणारा दात दाखवत, खोक्यावर बसकण मारून, एक हात पोटावर आणि दुसऱ्याचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर. ती हसत होती आणि बटण दाबत होती.

"फोटो काढा कोणीतरी," फोटोवाला हसता हसता ओरडला. "तिचा काढा, तिचा!"

बायकोचा हात खिशाकडे गेला. सासूबाईंचा पर्सकडे. मग दोघींनी एकदमच लोखंडी कपाटाकडे पाहिलं.

त्याने उठायचा विचार केला. उठलो तर हे थांबेल, हे त्याला कळत होतं. तो बसून राहिला आणि बघत राहिला. त्याला इतका आनंद झाला होता, की डोळ्यात पाणी कशाने आलं ते सांगता आलं नसतं.

पुढचं सगळं रुक्ष आहे. मुलांना न्यायला आलेल्या आईबापांना मुलं मिळाली, पण गोट्या आणि साखळ्या मिळाल्या नाहीत. स्टुडिओला कुलूप लावता येईना, कारण किल्ली आत होती. घरी जाता येईना, कारण तीही आत होती. कोपऱ्यावरचा किल्लीवाला बोलावला, तर साहेबाने त्याला दारातच अडवून अंगावरचं धातूचं काढून ठेवायला सांगितलं. तो बिचारा हत्यारांची पिशवी बाहेर ठेवून आत आला आणि कपाटासमोर हात हलवत उभा राहिला. शेवटी सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून कुलूप उघडलं. हा आकडा धातूचा असून तो ट्रेमध्ये का दिला नाही, याबद्दल साहेबाने त्यांना समज दिली.

कॅमेऱ्यात साहेबाचा एकही फोटो नव्हता. बापाचे मात्र भरपूर होते. तोंड उघडं, डोळे मिटलेले, चष्मा तिरका, क्रीम सांडलेलं, एकात तर अर्धं डोकं बाहेर. सासूबाईंनी त्यातला सगळ्यात हसरा निवडला, मोठा छापून घेतला आणि स्वतःच्या हाताने सोनेरी फ्रेममध्ये बसवला.

"हसरा हवा होता, हसरा लागला," त्या म्हणाल्या. "जावई या घरात राहतो, याला पुरावाही झाला." पर्समधला कवळीचा फोटो मात्र त्यांनी अजून परत नेलेला नाही. तो आपला टेबलाच्या खणात आहे, वेळेला असावा म्हणून.

सोमवारी ते टक्कल पडलेले गृहस्थ धाकट्या भावाला घेऊन स्टुडिओत आले. खिडकीवरच्या माणसाने त्यांचा फोटो पाहून मान डोलावली होती म्हणे. फोटोवाल्याने भावाला स्टुलावर बसायला सांगितलं, तर गृहस्थ संकोचून इकडेतिकडे बघू लागले आणि मॅडम कधी येतात ते विचारू लागले. बालवाडी सुटल्यावर, असं फोटोवाल्याने सांगितलं. थांबतो म्हणाले, आणि खरंच थांबले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर साहेब फ्रेमसमोर जाऊन उभी राहिली. हात मागे बांधून, मान वर करून, तिने फोटो वरपासून खालपर्यंत तपासला. फोटोवाला बूट काढता काढता थांबला. आपल्या फोटोचा निकाल ऐकायला थांबलेल्या गिऱ्हाइकाच्या छातीत कसं होतं, ते त्याला आत्ता कळत होतं.

"कान एकच दिसतोय," साहेब म्हणाली. "डोळे मिटलेत. दात तर सगळेच दिसतायत."

"मग?" त्याने विचारलं.

"परत," ती म्हणाली, आणि बदक शोधायला आत गेली.